माझ्या खोलीतली कणगी

ज्या खोलीची मला आजही भीती वाटते, ती मी स्वतः सजवली होती. हौसेने, भांडून, घरातल्या सगळ्यांचं डोकं खाऊन.

माझं कामच ते. धुळ्यात मी लोकांची घरं सजवून देते. लोक म्हणतात, ही बाई चांगल्या घराची झोपडी करते. म्हणोत. गुळगुळीत टाइल्स, छताला पीओपीची फुलं, त्यांत लपवलेले निळे दिवे, हे पाहिलं की मला घरात नाही, मंगल कार्यालयात आल्यासारखं वाटतं. मला माती आवडते, बांबू आवडतो, सुती जाडंभरडं कापड आवडतं. एका मारवाडी कापड दुकानदाराच्या बंगल्यात मी बैठकीच्या एका भिंतीला मातीचा लेप दिला, तर त्यांच्या आजी रोज सकाळी काठी टेकत यायच्या आणि विचारायच्या, "बेटा, यावर रंग कधी देणार?" काम संपलं, जेवणं झाली, तरी त्यांना वाटत होतं की काहीतरी राहिलंय.

त्या उन्हाळ्यात मी सातव्या महिन्यात माहेरी जळगावला आले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. पहिलं म्हणायचं, पण त्याआधी एकदा तिसऱ्या महिन्यातच हातचं गेलं होतं. त्यामुळे या खेपेला मी जिना उतरतानाही कठडा सोडत नव्हते आणि आई तर मी शिंकले तरी स्वयंपाकघरातून धावत यायची. नवऱ्याची बँकेतली नोकरी धुळ्यात, तो शनिवार-रविवार यायचा.

येण्याच्या दीड-दोन महिने आधीपासूनच, जळगावला फेऱ्या मारत, मी माझी जुनी खोली हाती घेतली होती. बाळ जन्मल्यावर पहिल्यांदा जे पाहील ते शांत असावं, डोळ्यांना टोचू नये, एवढीच माझी इच्छा. गवंड्याला बोलावून तीन भिंतींवर शेतातली माती, गव्हाचा भुसा, शेण आणि चुना यांचा लेप घेतला. तो बिचारा सारखा म्हणत होता, "ताई, पुट्टी मारून देतो ना, आरशासारखी." धाकटा भाऊ चाळीसगावला नोकरीला, रोज गाडीने जाऊन येऊन. तो संध्याकाळी दारात उभा राहून टाळ्या वाजवायचा. "लोक मातीच्या घरातून सिमेंटच्या घरात जातात, आमची ताई उलटी गंगा वाहवतेय. अति तिथं माती म्हणतात ते हेच!" मी त्याला थापी फेकून मारायची तेवढी बाकी ठेवली होती.

खोलीत एक मोठी चौकट होती, कूलर बसवायची. उन्हाळ्यात जळगावात कूलरशिवाय माणूस जगत नाही, पण कूलरच्या दमटपणाने मातीची भिंत खराब झाली असती. शिवाय मला ती भिंत सलग हवी होती. म्हणून मी चौकट विटांनी बुजवून घेतली आणि वरून लेपाचा हात फिरवला. नवऱ्याने एसी बसवून दिला. दुसरी खिडकी लहान, ती बंद करून मी जाड खादीचा पडदा लावला, कारण झळा यायच्या. दार लावलं की खोली अशी गार, तपकिरी, गप्प व्हायची. बाहेर अंगणातला नळ उघडला तर पाणी उकळतं यायचं आणि आत मी चादर ओढून झोपायचे. मला स्वर्ग हाती लागला होता.

कोपरा तेवढा रिकामा होता. तिथे मला कणगी हवी होती.

कणगी मला साक्रीकडच्या एका खेड्यात मिळाली. मी आठवडी बाजारात बांबूच्या चटया आणायला गेले होते. चटईवालीच म्हणाली, आमच्या घरी चला, तिकडे आणखी आहेत. तिच्या अंगणात ती उभी होती. बांबूच्या कामट्यांनी विणलेली, आतून-बाहेरून शेणामातीने सारवलेली, माझ्या कमरेला लागेल एवढी उंच, पोट सुटलेल्या माणसासारखी. पूर्वी यातच वर्षाचं धान्य भरायचे, आता सगळ्यांकडे पत्र्याच्या कोठ्या आल्या. तिची सासू उन्हात बसली होती. द्यायला तयार झाली, पण टेम्पोत चढवायच्या आधी आत गेली आणि मूठभर बाजरी आणून कणगीत टाकली. "रिकामी कणगी देवो नही, बाई. रिकामी ठेवो बी नही." मी हसून मान डोलावली. घरी आल्यावर पाहिलं तर त्या बाजरीत किडे वळवळत होते. मी कणगी आडवी करून बाजरी रस्त्यावर सांडली, आत कडुनिंबाचा पाला फिरवला आणि तिच्यात पऱ्हाटीच्या वाळक्या फांद्या उभ्या केल्या. कपाशीची उकललेली बोंडं होती त्यांवर, पांढरी शुभ्र. काय दिसत होतं म्हणून सांगू!

हे सगळं मी आईला मजेत सांगितलं. ती गहू पाखडत होती. तिचा हात थांबला.

"सांडलीस? तू? स्वतःच्या हाताने?"

"किडे होते गं त्यात."

"असू देत. या दिवसांत रिकामं भांडंसुद्धा कुणी समोर ठेवत नाही बाईमाणसाच्या. आणि तू तर कणगी ठेवलीस, तीही पायथ्याशी. रोज उठल्यावर तेच बघणार."

"आई, ते शोपीस आहे."

"असेल," आई म्हणाली आणि पुन्हा सूप हलवायला लागली. आई वाद घालत नाही. तिला जे करायचं ते ती करते. हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी त्या दिवशी मी ते विसरले.

पऱ्हाटीच्या फांद्यांचं एक दुखणं होतं. कणगी खोल, त्यामुळे त्या सारख्या एका बाजूला कलंडायच्या. मी रोज उठून सरळ करायचे, वैतागायचे. मग एक दिवस नानांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, तपासणीला जाऊन आले तर फांद्या ताठ उभ्या होत्या. छान पसरलेल्या, जशा मला हव्या होत्या तशा. मला वाटलं, भावाने खाली विटेचा तुकडा टाकला असेल. मी लांबून फोटोही काढला आणि नवऱ्याला पाठवला.

त्या दुपारी झोपून उठले तर डोकं ठणकत होतं.

"ऊन लागलं. दवाखान्यात जायची-यायची धावपळ," आई म्हणाली. कैरीचं पन्हं दिलं. बाहेरच्या खोलीत कूलरसमोर बसले, दिवेलागणीपर्यंत बरं वाटलं. रात्री नवऱ्याने दिलेला एसी मी लावला नाही. डोकेदुखी थंडीने वाढते असं कुणीतरी म्हणालं, म्हणून मी बाहेरच आईशेजारी गादी टाकली. ते बरं झालं, असं आता मनात येतं.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. या वेळी उलटी झाली. तोंडात पैसा चोखल्यासारखी चव. छातीवर कुणीतरी पाय ठेवून उभं आहे असं. खोलीत लसणाचा वास येत होता, जरा कुजकट. पण आमच्या घरात लसणाचा वास ही काय बातमी आहे? खानदेशात दुपारी कुणाच्याही घरात शिरा, खलबत्त्यात मिरची-लसूण असतोच. मी आतून ओरडले, "आई, ठेचा कमी कर गं, मळमळतंय." आईने त्या दिवसापासून ठेचा बंद केला. नानांनाही कोरडी पोळी खावी लागली.

वास गेला नाही.

भाऊ आत डोकावून म्हणाला, "ताई, ही तुझी भिंतच वास मारतेय. शेण आहे ना त्यात." माझं डोकं फिरलं. "माझ्या भिंतीला नाव ठेवायचं काम नाही. तुला कुठलं आलंय त्यातलं!" तो दोन्ही हात वर करून निघून गेला. खरं तर त्याने बरोबर खोलीकडे बोट दाखवलं होतं, पण मी खोलीची बाजू घेऊन भांडले. ती मला बाळाइतकीच माझी वाटत होती.

आणि सगळे मला तिथेच पाठवत होते. चक्कर आली, जा तुझ्या गार खोलीत पड. मळमळतंय, दार लावून घे, झळ लागेल. आई खोबरेल तेल लावून कपाळ चोळायची आणि पडदा नीट ओढून, दार हळूच लावून जायची. आवाज होऊ नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी नेहमीसारखी डाव्या कुशीवर झोपले. जेवल्यावर बाळ हमखास लाथा मारायचं. एवढं की नवरा फोनवर विचारायचा, आज सामना सुरू झाला का? त्या दिवशी काही नाही. मी वाट पाहिली. कूस बदलली. गार पाणी प्यायले, ते पोटात गेल्यावर तरी हलतं. काही नाही. पोटावर हात ठेवून हळूच टकटक केलं. मी कुणाच्या तरी दारावर उभी आहे आणि आतून कुणी ओ देत नाही, असं वाटलं.

मला हाक मारायला हवी होती. पण हाक मारली तर ते खरं ठरेल, असं काहीतरी मूर्ख डोक्यात आलं. मागच्या खेपेलाही असंच. मी कुणाला न सांगता न्हाणीघरात बसून राहिले होते, जणू मी बोलले नाही तर ते घडलेलंच नसेल. आताही मी भिंतीकडे बघत पडून राहिले. भिंत सुंदर दिसत होती. भुशाच्या काड्या सोनेरी चमकत होत्या. मला श्वास पुरत नव्हता आणि मला वाटत होतं की ते भीतीने आहे.

तेवढ्यात आई सरबत घेऊन आली. दार उघडून दोन पावलं आत आली आणि थांबली. तिची नजर खाली होती, कणगीपाशी. चटईवर पाल पडली होती. उलटी, पांढरं पोट वर करून. तिच्या भोवती काळ्या मुंग्या, पण चालणाऱ्या नव्हेत. रांगेतल्या रांगेत मेलेल्या.

आईच्या हातातून पेला पडला.

"ऊठ," ती म्हणाली. आधी हळू. मग किंचाळली, "ऊठ, बाहेर हो! बाहेर हो आधी!" तिने माझा दंड धरला आणि मला अक्षरशः ओढत नेलं. सात महिन्यांच्या पोटाची मी, सरबतावरून घसरता घसरता वाचले. मला वाटलं साप निघाला. नानाही उठून आले आणि हातात काठी घेऊन खोलीकडे निघाले, तर आई त्यांच्या आडवी झाली. "आत जाऊ नका! कुणी जाऊ नका!"

बाहेरच्या खोलीत तिने सगळी दारं-खिडक्या भडाभडा उघडल्या. झळा आत आल्या. मग ती माझ्यासमोर उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मी कणगीत गहू भरला गं. रिकामी नको म्हणून. आणि गोळ्या टाकल्या."

"कसल्या गोळ्या?"

"गव्हातल्या."

एवढंच पुरलं. वर्षाचा गहू भरताना प्रत्येक घरात त्या गोळ्या आणतात. फडक्याच्या पुरचुंडीत बांधून कोठीत ठेवतात, झाकण घट्ट लावतात, आत विषारी वायू सुटतो, किडा लागत नाही. आई तेच करत आली होती, तिची आईही. त्या वर्षी गावाहून काकांनी गहू पाठवला, कोठ्या भरल्या, एक पोतं उरलं आणि माझ्या खोलीत कणगी रिकामी. तिने मी दवाखान्यात असताना पोतं ओतलं, पुरचुंडी खुपसली, वर गोणपाट घातलं आणि माझ्या पऱ्हाटीच्या फांद्या पुन्हा होत्या तशा, उलट जास्त नीट, उभ्या करून ठेवल्या. पत्र्याची कोठी हवा सोडत नाही. कामट्यांची कणगी कशी नाही सोडणार? आणि खोलीला मी एकही फट ठेवली नव्हती.

त्या गोळ्यांचं नाव आमच्याकडे लोक आवाज खाली करून घेतात. कुणाच्या घरी कुणी जीव दिला ते सांगताना. नाना आईवर ओरडले, "अक्कल गहाण टाकली होती का? पोरीच्या झोपायच्या खोलीत?" मी पोट धरून उभी होते आणि मला फक्त एक गोष्ट कळत होती, की ते अजून हललेलं नाही.

शेजाऱ्यांच्या गाडीतून गेलो. उन्हात रस्ता मोकळा होता, तरी सिग्नलला थांबलो तेव्हा मी काचेवर मूठ आपटली. आई मागे माझ्या शेजारी बसली होती, माझ्यापासून अंग चोरून. नेहमी ती गाडीत माझा हात धरते. त्या दिवशी तिने धरला नाही, मीही पुढे केला नाही.

डॉक्टरीण बाईंनी ऐकून घेतलं. ऑक्सिजन लावला, रक्त काढलं, छातीला वायरी लावल्या. नानांनी विचारलं, "मॅडम, यावर उतारा काय असतो?" "यावर उतारा नसतो, काका. लक्ष ठेवायचं असतं." असलं बोलणं माणसाने ऐकू नये. आजार आहे आणि औषध नाही, असं कुणी तोंडावर सांगितलं की पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते समजतं.

मग त्यांनी पोटावर जेली लावली आणि ते छोटं यंत्र फिरवायला घेतलं. नुसती खरखर. इकडे नेलं, खरखर. तिकडे नेलं, खरखर. खोलीत एवढ्या लोकांपैकी कुणी श्वास घेत नव्हतं. नर्सने माझा तळपाय धरला होता, का कुणास ठाऊक. देवाला काय बोलायचं ते मला सुचेना. मी इतकंच म्हणत होते, माझं घर ने, काम ने, डोळे ने. काय काय देऊ केलं ते आठवतही नाही.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. आणि त्या खरखरीतून तो आवाज आला. धावणाऱ्या घोड्यासारखा, लांबून येणारा. मी रडायला लागले तर त्या ओरडल्या, "हलू नका, ऐकू द्या मला!" बराच वेळ ऐकलं. "ठोके आहेत. जास्त आहेत, पण आहेत. आता तुमचं हृदय आणि याचं, दोन्ही बघत राहायचं."

बघत राहायचं म्हणजे काय, ते पुढच्या दिवसांत कळलं. दर थोड्या वेळाने नर्स यायची, खरखर व्हायची आणि आवाज सापडेपर्यंत मी मरायचे. सापडला की जगायचे. बाळ हललं, पण अगदी हळू, अंगावरून मुंगी गेल्यासारखं, आणि मी ते खरंच झालं की मला तसं वाटलं यावर तासन्‌तास डोकं फोडायचे.

घरी भावाने आणखी एक घोटाळा करायचा बाकी ठेवला होता. कणगीतल्या गोळ्या विझवाव्यात म्हणून तो पाण्याची बादली घेऊन निघाला होता. शेजारच्या काकांनी त्याला मागून धरलं, कारण पाण्याने तो वायू आणखी सुटतो. मग सगळे गल्लीच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि जाणकार माणसं येईपर्यंत कुणी घरात पाऊल टाकलं नाही.

आई दवाखान्याच्या व्हरांड्यात खाली फरशीवर बसली होती. बाकडी रिकामी होती तरी. नाना तिच्याशी बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याहून नवरा आणि सासूबाई आल्या. आता काय होणार, या विचाराने माझ्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाईंची जीभ म्हणजे विळा. त्या आईला सोडणार नाहीत आणि आईला कुणी वाचवणार नाही, कारण तिच्या बाजूने बोलण्यासारखं काही नव्हतं. आई उभी राहिली आणि जे झालं ते सगळं स्वतःच सांगितलं, एक शब्द न गाळता. रिकामी कणगी, उरलेलं पोतं, पुरचुंडी. सासूबाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा बदलत गेला, पण रागाने नाही. त्यांनी पिशवीतून फोन काढला. दोनदा चुकीचा नंबर लागला. मग सासऱ्यांना म्हणाल्या, "आते ना आते त्या कोठ्या आंगनमा काढा. खिडक्या बठ्ठ्या उघडा. त्या खोलीमा कोनी नही जावानं."

धुळ्यातली आमची झोपायची खोली. पलंगाच्या डोक्याशी, पडद्याआड, गव्हाच्या दोन कोठ्या. लग्न झाल्यापासून मी तिथे झोपत होते. त्यांची झाकणं घट्ट आहेत की नाहीत, हे मी कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मागच्या खेपेचं दोघांच्याही मनात आलं असणार. त्याचा याच्याशी काही संबंध होता की नव्हता, कुणास ठाऊक. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की असं काही म्हणता येणार नाही. पण एकदा मनात आलेलं कुठे घालवायचं?

सासूबाई आईशेजारी फरशीवर बसल्या.

ठोके हळूहळू ठिकाणावर आले. बाळाची लाथ एके दुपारी पुन्हा बसली, बरगडीत, सणसणीत. मी ओरडले तर नर्स घाबरून धावत आली आणि मी हसत होते, रडत होते, दोन्ही. डॉक्टर म्हणाल्या, आता पातळ काहीतरी खायला द्या.

आईने घरून मुगाची खिचडी आणली. घर म्हणजे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर. डबा उघडला, वाफ आली, तूप सुटलेलं. मला कडकडून भूक लागली होती. मी डबा हातात घेतला, तोंडाशी नेला आणि थांबले. मी वास घेतला. मुद्दाम नाही. माझं नाकच पुढे गेलं. गव्हाचा एक दाणा जरी असता तर मी डबा फेकला असता.

वर पाहिलं तर आई माझ्याकडे बघत होती.

तिने माझ्या हातातून डबा काढून घेतला. चमचाभर खिचडी स्वतः खाल्ली. सावकाश चावली, गिळली. मग डबा पुन्हा माझ्या हातात दिला. "खा," ती म्हणाली. मी खाल्लं.

तिथून ते सुरू झालं. घरी आल्यावर मी बाहेरच्या खोलीत झोपायचे, सगळी दारं उघडी, कितीही झळ येवो. आई ताट वाढायची आणि वाढल्यावर त्यातला एक घास स्वतः खायची. दूध, काढा, शतावरी, डिंकाचा लाडू. आधी तिच्या तोंडात, मग माझ्या. नाना एकदा म्हणाले, "एवढी काय घाई, पोरीला आधी खाऊ दे की." आईने पदराने तोंड पुसलं. मी मान खाली घातली. "नको गं आई, असं करू नकोस," एवढं म्हणायला किती लागतं? मी नाही म्हणाले. कारण तिने घास घेतला नसता तर माझ्या घशाखाली उतरला नसता. मला तिचा राग नव्हता. देवाशप्पथ नव्हता. मला तिची भीती वाटत होती. ज्या बाईने मला जन्म दिला, ताप आला की रात्र रात्र पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, तिची. आणि ते तिला माहीत होतं.

मुलगी झाली. धडधाकट, घसा फोडून रडणारी. डॉक्टरांनी उलटीसुलटी तपासली आणि म्हणाल्या, काही नाही, छान आहे. सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले.

पुढे उष्टावण माहेरीच केलं. मामाने पहिला घास भरवायचा, म्हणून भावाने सुट्टी घेतली होती, नवा कुर्ता घातला होता. सासूबाई, नवरा, शेजारपाजारच्या बाया, सगळे जमले. मुलगी त्याच्या मांडीवर, झबल्यात, डोळे विस्फारून. आईने केलेली तांदळाची खीर चांदीच्या वाटीत आली. भावाने चमचा भरला आणि मुलीच्या ओठांजवळ नेला.

"थांब," आई म्हणाली. पुढे होऊन तिने त्याच्या हातातून चमचा घेतला आणि ती खीर स्वतः खाल्ली.

सगळे हसले. "आजीलाच भूक लागली वाटतं!" कुणीतरी म्हणालं. "अगं, उष्टावण नातीचं आहे, तुझं नाही!" नानासुद्धा हसले. भावाने हसत हसत दुसरा चमचा मागितला.

आई हसली नाही. ती सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे बघत होती, मी मान हलवेन म्हणून. आणि मी, तिच्या पोटची पोर, ती गिळेपर्यंत थांबले. मग मान हलवली.